‘सॉफ्टवेअर मारण्या’चा इतिहास : एस. पी. रोडपासून मंगळापर्यंत

मुंबईला लॅमिंग्टन रोड, पुण्याला बुधवार पेठ, तसा बंगळुरूला सदर पत्रप्पा रस्ता. सारे शहर त्याला एस. पी. रोड म्हणूनच ओळखते. जुन्या पेठेतल्या या अरुंद रस्त्यावर संगणकाचे सुटे भाग, वायरी आणि मोबाइल दुरुस्तीची दुकाने एकमेकांना खेटून उभी आहेत. तिथल्या कोणत्याही काउंटरवर थोडा वेळ उभे राहिले, तर एक तक्रार हमखास कानी पडते : फोन सुरू होतो, कंपनीचे चिन्ह दिसते आणि तिथेच अडकतो, पुन्हा बंद, पुन्हा चिन्ह. कारागीर फोन बंद करतो, दोन कळा एकदम दाबून धरतो, केबल संगणकाला जोडतो. फोनचा पडदा काळाच राहतो, पण संगणकाला मात्र कोणीतरी जोडले गेल्याचे कळते. मग पडद्यावर हिरवी पट्टी हळूहळू सरकू लागते. नशीब चांगले असेल, तर पंधरा-वीस मिनिटांत फोन नव्यासारखा उभा राहतो. या क्रियेला महाराष्ट्रातल्या दुकानांत एक ठसठशीत नाव आहे : सॉफ्टवेअर मारणे.

ही क्रिया आपण इतकी गृहीत धरली आहे, की तिच्यामागे काही इतिहास असेल असे वाटतच नाही. पण दोन प्रश्न स्वतःला विचारून पाहावेत. ज्या फोनची सारी बुद्धीच पुसली गेली आहे, तो संगणकाचे म्हणणे ऐकतो तरी कसा? आणि कोणाचे ऐकायचे, कोणाचे नाही, हे ठरवतो कोण? पहिल्या प्रश्नाचे उत्तर विज्ञानाचे आहे, दुसऱ्याचे सत्तेचे. बंगळुरू शहराने दोन्ही प्रश्नांशी जवळून व्यवहार केला आहे. म्हणून ही कथा तिथून सांगणे योग्य.

आधी शब्दाचा उगम पाहू. यंत्राचा जो भाग हाताने धरता येतो ते हार्डवेअर, आणि जी आज्ञावली बदलता येते ते सॉफ्टवेअर. या दोहोंच्या मधल्या वस्तूला ‘फर्मवेअर’ हे नाव अ‍ॅशर ऑप्लर या संगणकतज्ज्ञाने १९६७ साली ‘डेटामेशन’ या नियतकालिकातील लेखात दिले. त्याच्या मनात होत्या प्रोसेसरच्या अगदी आतल्या सूक्ष्म आज्ञा. पुढे अर्थ पसरत गेला आणि यंत्राच्या अंगात मुरवून ठेवलेली, यंत्राला ‘तू कोण आहेस’ हे सांगणारी आज्ञावली म्हणजे फर्मवेअर, असे रूढ झाले. धुलाईयंत्रात ती असते, लिफ्टमध्ये असते, फोनमध्ये तर थरांवर थर असतात.

सुरुवातीला हे ‘मुरवणे’ कायमचेच असे. चिप कारखान्यात घडतानाच तिच्यात आज्ञा कोरल्या जात. चूक झाली की चिप फेकून द्यायची. ही अडचण १९७१ मध्ये इंटेल कंपनीतील डोव्ह फ्रोमन यांनी सोडवली. त्यांनी बनवलेल्या ईप्रॉम चिपच्या पाठीवर क्वार्ट्झची एक छोटी खिडकी असे. त्या खिडकीतून अतिनील प्रकाश काही मिनिटे आत सोडला, की जुना मजकूर पुसला जाई आणि नवा लिहिता येई. ज्यांनी ऐंशी-नव्वदच्या दशकांत इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत काम केले आहे, त्यांना ती खिडकी आणि उजेड आत जाऊ नये म्हणून तिच्यावर चिकटवलेला कागदाचा तुकडा आजही आठवत असेल. दुरुस्ती शक्य झाली खरी. पण चिप सॉकेटमधून उपटून काढावी लागे, पुसण्याचे यंत्र वेगळे, लिहिण्याचे वेगळे.

पुढची पायरी जपानमध्ये चढली गेली. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये अशी स्मृती जगापुढे मांडली, जी जागच्या जागी, केवळ विजेच्या साहाय्याने, मोठ्या तुकड्यांत एका झटक्यात पुसता येते. त्यांचे सहकारी शोजी अरिइझुमी यांना हे पुसणे कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखे वाटले आणि ‘फ्लॅश मेमरी’ हे नाव पडले. १९८७ मध्ये मासुओका यांच्याच गटाने तिचा ‘नॅन्ड’ हा दाट आणि स्वस्त प्रकार पुढे आणला. आज आपल्या फोनमधील छायाचित्रे, गाणी आणि फर्मवेअर सारे त्याच वंशातल्या चिपवर वसते. दुकानदार ‘फ्लॅश करून देतो’ म्हणतो, तेव्हा तो नकळत या नावाचाच उच्चार करत असतो.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. सारे काही एका झटक्यात पुसता येत असेल, तर पुसलेले परत लिहिण्यासाठी लागणारी बुद्धी राहते कुठे? उत्तर असे, की फोनच्या मुख्य प्रोसेसरमध्ये एक अगदी लहान आज्ञावली कारखान्यातच कायमची कोरलेली असते. तिला बूट रॉम म्हणतात. ती पुसता येत नाही, बदलता येत नाही. वीज मिळताच सर्वांत आधी तीच जागी होते, फ्लॅशमधला पुढचा थर, म्हणजे बूटलोडर, शोधते, तो खरा आहे की नाही हे तपासते आणि सूत्रे त्याच्या हाती देते. बूटलोडर कार्यप्रणालीचा गाभा जागवतो, गाभा उरलेल्या प्रणालीला उठवतो. वाड्यात पहाटे एकाने दुसऱ्याला हाक मारावी, तशी ही साखळी आहे. वरची एखादी कडी तुटली, तर फोन चिन्हावर अडकतो. बूटलोडर शाबूत असेल, तर कळा दाबून त्यालाच ‘थांब, केबलकडे पाहा’ असे सांगता येते. तोही गेला असेल, तर अनेक फोनांत बूट रॉम स्वतः केबलवर कान देऊन बसते. तिला फारसे काही येत नाही. फोन लावता येत नाही, पडदाही उजळता येत नाही. समोरून आलेले काही शब्द स्मृतीत उतरवून घेणे, एवढेच तिला येते. आणि फोनचा पुनर्जन्म तेवढ्यावरच उभा असतो.

यंत्राच्या अंगी ‘कमीत कमी ऐकण्याची शक्ती’ शिल्लक ठेवावी, या तत्त्वाचे सर्वांत विलक्षण प्रात्यक्षिक पृथ्वीवर घडलेच नाही. ४ जानेवारी २००४ रोजी नासाचा ‘स्पिरिट’ हा रोव्हर मंगळावरील गुसेव्ह विवरात उतरला. २१ जानेवारीला तो जवळजवळ मुका झाला. नंतर उलगडले ते असे : प्रवासात साठत गेलेल्या असंख्य फायलींमुळे त्याच्या फ्लॅश स्मृतीचा कारभार कोलमडला होता, यान सुरू होई, फ्लॅश वाचू लागे, अडखळे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. साठाहून अधिक वेळा हे घडले. एस. पी. रोडवरच्या ‘चिन्हावर अडकलेल्या’ फोनचाच तो रोग होता, फक्त दुकान कोट्यवधी किलोमीटर दूर होते. रात्री झोप न मिळाल्याने बॅटरी उतरत चालली होती. कॅलिफोर्नियातील अभियंत्यांनी त्याला फ्लॅशला हात न लावताच जागे होण्याची आज्ञा दिली, त्या सावध अवस्थेत दोष शोधला आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला फ्लॅश पुसून नव्याने मांडली. नव्वद मंगळदिवसांसाठी पाठवलेला तो रोव्हर २०१० पर्यंत बोलत राहिला.

बंगळुरूला हे शास्त्र परके नाही. पीण्या येथील इस्रोच्या नियंत्रणकेंद्रातून आणि चांद्रयान-१ च्या निमित्ताने ब्यालालू गावी उभारलेल्या ३२ मीटर व्यासाच्या अँटेनातून भारताची दूरची याने आज्ञा घेतात. २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळयान मंगळाच्या कक्षेत शिरले, तेव्हा संदेश एका बाजूने पोचायलाच सुमारे १२ मिनिटे लागत होती. ऐन क्षणी काही सांगणे अशक्य होते. म्हणून सगळ्या आज्ञा काही दिवस आधीच यानाच्या स्मृतीत चढवून ठेवल्या होत्या. अवकाशयान आणि फोन यांच्यात फरक अनेक आहेत. मात्र आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने एकच महत्त्वाचा आहे. यान ज्याचे असते, त्याच्याच हाती त्याची किल्ली असते. फोनचे तसे नाही.

किल्ली कोणाच्या हाती, या प्रश्नावर बंगळुरूने एकदा स्वतःचे उत्तर मांडले होते. त्याची पूर्वपीठिका टेलिफोनमध्येच आहे. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने दिल्ली आणि बंगळुरू येथे बसून खेड्यांसाठी १२८ जोडण्यांचे छोटे एक्स्चेंज घडवले. वातानुकूलनाशिवाय चालेल असे. १९८६ मध्ये त्यातले पहिले बसले बेळगाव जिल्ह्यातील किट्टूर येथे, राणी चन्नम्माच्या गावी. आज्ञावलीवर चालणारे देशी दूरध्वनी-यंत्र खेड्यातल्या धुळीत आणि उन्हात टिकू शकते, हे त्याने दाखवून दिले.

बारा वर्षांनी, ऑक्टोबर १९९८ मध्ये, बंगळुरूतील एका परिसंवादात विकसनशील देशांसाठी माहिती-तंत्रज्ञान कसे असावे याची चर्चा झाली आणि तिच्यातून स्वस्त, बहुभाषिक, हातात मावणाऱ्या संगणकाची कल्पना पुढे आली. भारतीय विज्ञान संस्थेतील विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन आणि व्ही. विनय हे प्राध्यापक, आणि एन्कोर सॉफ्टवेअर या कंपनीतील विनय देशपांडे व त्यांचे सहकारी यांनी मिळून सिम्प्युटर ट्रस्ट स्थापन केला. एप्रिल २००१ मध्ये ‘सिम्प्युटर’चा नमुना जगापुढे आला. इंटेलचा स्ट्रॉंगआर्म प्रोसेसर, लिनक्स कार्यप्रणाली, बोटाने किंवा काडीने चालणारा पडदा, स्मार्ट कार्ड घालण्याची खाच, आणि निरक्षर माणसालाही वापरता यावा म्हणून भारतीय भाषांत मजकूर वाचून दाखवणारा आवाज. आयफोन यायला अजून सहा वर्षे होती.

सिम्प्युटरचे खरे नावीन्य मात्र पडद्यामागे होते. त्याच्या कर्त्यांनी केवळ आज्ञावलीच खुली ठेवली नाही, तर यंत्राच्या आराखड्यासाठीही एक सार्वजनिक परवाना रचला. ठरावीक शुल्क भरून कोणीही तो आराखडा घ्यावा, यंत्र बनवावे, सुधारणा कराव्यात आणि काही काळाने त्या सुधारणा सर्वांसाठी परत ट्रस्टकडे द्याव्यात, अशी त्याची रीत होती. गावच्या विहिरीवर पाणी भरणाऱ्याने गाळ काढायलाही यावे, त्यातला प्रकार. ज्या यंत्राचा आराखडा आणि आज्ञावली खुली आहे, त्याचे फर्मवेअर परत बसवायला कंपनीच्या दारात उभे राहण्याची गरज नसते, हे या रचनेतच अभिप्रेत होते.

मार्च २००४ मध्ये, म्हणजे ‘स्पिरिट’ मंगळावर सावरल्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ‘अमिडा सिम्प्युटर’ बाजारात आला. भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी उद्योगाने त्याचे उत्पादन केले. कर्नाटक शासनाच्या जमीन-नोंदींच्या कामातही सिम्प्युटर वापरून पाहिले गेले. पण यश काही लाभले नाही. किंमत दहा हजारांच्या आसपास सुरू होत होती. सामान्य माणसासाठी ती जड होती. त्याच सुमारास साधे मोबाइल फोन आणि कॉलचे दर झपाट्याने उतरले, आणि गावकऱ्याला आधी हवे होते ते बोलणे. विक्री काही हजारांतच अडकली आणि दोन-तीन वर्षांत सिम्प्युटर बाजारातून दिसेनासा झाला.

अपयशाची कथा इथे संपवणे सोपे आहे. पण ती इथे संपत नाही. सिम्प्युटरचा तो वाचून दाखवणारा आवाज, रमेश हरिहरन यांच्या गटाने घडवलेली ‘ध्वनी’ ही आज्ञावली, खुली होती. यंत्र गेले तरी ती कोणाच्या कपाटात कुलूपबंद झाली नाही. पुढे केरळचे संतोष थोट्टिंगल यांनी ती हाती घेतली आणि तिला आणखी भाषा शिकवल्या. त्यांत मराठीही होती. बाजारात हरलेल्या एका बंगळुरी यंत्राचा आवाज अशा रीतीने, वेगळ्याच संगणकांतून, मराठी वाचू लागला. शरीर गेले, वाणी राहिली, कारण वाणीवर कोणी कुलूप घातले नव्हते.

जगाने वाट धरली ती मात्र कुलपाची. २००७ मध्ये आयफोन आला. तो सुरू करायलाही आणि बिघडल्यावर सावरायलाही संगणक आणि केबल लागे. संगणकाशिवाय अद्ययावत होण्याची सोय त्यात २०११ मध्ये आली. २००९ पासून अ‍ॅपलने दर फोनला वेगळी अंकीय सही लागू केली : फर्मवेअर परत बसवताना संगणक कंपनीच्या सर्व्हरला विचारणार, सर्व्हर त्या विशिष्ट फोनसाठी सही देणार, आणि सही नसेल तर फोन फाइल नाकारणार. अँड्रॉइड फोनांतही बूटलोडरला कुलपे लागली. काही कंपन्या ती मागणी केल्यावर उघडून देतात, काही देत नाहीत.

या कुलपांना केवळ खलनायक ठरवणे अन्यायाचे होईल. २०१६ मध्ये यूपीआय आले आणि भारतात फोन ही खिशातली थैलीच झाली. कोणीही, कोणतेही फर्मवेअर, कोणाच्याही फोनवर बसवू शकला, तर त्या थैलीला तळच उरणार नाही. चोरीच्या फोनांचा धंदाही याच केबलवर चालतो. फोनची ओळख सांगणारा आयएमईआय क्रमांक बदलण्यास २०१७ च्या नियमांनी मनाई केली, आणि हरवलेले फोन रोखणारी केंद्रीय नोंदयंत्रणा, जिचा आरंभ २०१९ मध्ये महाराष्ट्रात झाला होता, २०२३ पासून देशभर उपलब्ध झाली. म्हणून कुलूप हवेच. प्रश्न कुलपाचा नाही. कंपनीने त्या फोनकडे पाठ फिरवली, की किल्लीचे काय होते, हा आहे.

आणि तसे घडतेच. पाच-सहा वर्षांत जुन्या फोनची अद्यतने थांबतात. त्याची अधिकृत फाइल कधी सर्व्हरवरून उतरवली जाते, कधी तिला सही मिळेनाशी होते. फोनची काच शाबूत, बॅटरी नवी घातलेली, चिप ठणठणीत. बूट रॉम तर केबलवर कान देऊन बसलेलीच असते. पण तिला ओळखीचा शब्द ऐकवणारा कोणी उरत नाही. मग तो फोन कचऱ्यात जातो, त्यासोबत त्यातले सोने, तांबे, कोबाल्ट जाते, आणि एखाद्या विद्यार्थिनीचा किंवा डिलिव्हरी करणाऱ्या तरुणाचा महिन्याभराचा पगार जातो. एस. पी. रोडवरचा कारागीर मग कुठून तरी मिळवलेली फाइल वापरतो. ती खरी असेल याची हमी त्यालाही नसते, ग्राहकालाही नसते. अधिकृत दार बंद झाले, की माणसे मागच्या दाराने येतात; आणि मागच्या दाराला पहारा नसतो.

धोरणकर्त्यांच्या लक्षात ही गोष्ट येऊ लागली आहे. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या अधिकाराची चौकट ठरवण्यासाठी समिती नेमली, आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचे पोर्टल सुरू झाले. शेतीची अवजारे, वाहने आणि घरगुती उपकरणे यांच्या जोडीने मोबाइल फोनही त्याच्या कक्षेत आहेत. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार एखाद्या फोनची विक्री थांबल्यावरही कार्यप्रणालीची अद्यतने किमान पाच वर्षे मिळत राहिली पाहिजेत, आणि भाग बदलण्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर किंवा फर्मवेअर व्यावसायिक दुरुस्तीकारांना भेदभाव न करता उपलब्ध झाले पाहिजे. आपल्याकडे अधिकाराची भाषा सुट्या भागांपाशी आणि पुस्तिकांपाशी थांबता कामा नये. मूळ फर्मवेअरची फाइल हाही एक सुटा भागच आहे. तो डोळ्यांना दिसत नाही, एवढेच.

इतिहासाच्या अभ्यासकाला यात आणखी एक चिंता दिसते. सिम्प्युटरच्या काळातली यंत्रे आज संग्रहालयाच्या काचेआड ठेवता येतील. पण तांब्याचा गडू आणि संगणक यांत फरक आहे. गडू शंभर वर्षांनीही गडूच राहतो. फर्मवेअर नसलेला संगणक हा केवळ त्याच्या आकाराचा डबा असतो. फ्लॅश स्मृतीतला विद्युतभारही कायम टिकत नाही, वर्षानुवर्षे तो हळूहळू झिरपत जातो. म्हणजे आपण जी यंत्रे जपून ठेवू, ती कपाटात पडल्या पडल्या आपली बुद्धी विसरत जाणार आहेत. त्यांना ती परत देणारी फाइल, केबल आणि ती वापरायची रीत, हे तिन्ही कोणीतरी जपले पाहिजे. बखरी आणि ताम्रपट जपणाऱ्या समाजाला हे समजावून सांगावे लागू नये.

वाचकहो, यातले मोठे निर्णय आपल्या हाती नसले, तरी काही लहान गोष्टी आहेत. फोन धडधाकट असतानाच त्यातली छायाचित्रे आणि संपर्क दुसरीकडे उतरवून ठेवा. फर्मवेअर नव्याने बसवताना बहुधा सारे पुसले जाते. दुकानदाराला फाइल कुठली आहे, नेमक्या याच मॉडेलची आहे का, हे विचारा. लेखन चालू असताना केबल हलवू नका, बॅटरी पुरेशी भरलेली असू द्या. आणि नवा फोन घेताना कॅमेऱ्याच्या आकड्यांबरोबर आणखी एक आकडा विचारा : याला अद्यतने किती वर्षे मिळतील?

विकणाऱ्याने हा प्रश्न पुरेशा लोकांच्या तोंडून ऐकला, तर उत्तरही बदलू लागेल. पंचवीस वर्षांपूर्वी बंगळुरूत काही माणसांनी यंत्राची किल्ली सर्वांना मिळावी असे योजले होते. त्यांचे यंत्र चालले नाही. त्यांचा प्रश्न मात्र आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे.